पणजीतली जुनी कौलारू इमारत ऑफिससाठी दुरुस्त करताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

जुन्या इमारतीत ऑफिस थाटायचे ठरले की पहिला फोन रंगाऱ्याला जातो, दुसरा फॉल्स सीलिंगवाल्याला. दोन पावसाळे उलटतात. रंगाला पोपडे येतात, भिंतीच्या पायथ्याशी पांढरी पूड साठू लागते, आणि "जुन्या इमारती अशाच असतात" असे म्हणून चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीवर, सिमेंट थापले जाते. बहुतेक वेळा इमारत ठणठणीत असते, कामाचा क्रम तेवढा उलटा लागलेला असतो.

चिऱ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी कडीपाट (कड्यांवर फळ्या ठोकून केलेला मजला) आणि मंगळुरी कौले अशा एक-दोन मजली इमारतींसाठी हे मार्गदर्शन आहे. चर्च स्क्वेअर, अठरा जून रस्ता, सांतिनेज, मळा-फोंताईन्हास या भागांत अशा इमारती अजून आहेत. मडगाव-म्हापशातही पद्धत हीच चालते. काँक्रीटच्या खांबांवर उभ्या इमारतींना यातले फारसे लागू पडत नाही.

क्रम असा: कागद, पाहणी, छप्पर, जमिनीवरचे पाणी, लाकूड, भिंत, वायरी आणि नळ, सगळ्यात शेवटी रंग. यातली एक पायरी जरी पुढे-मागे झाली तरी नंतरचे काम उकरून काढावे लागते.

## १. कुदळ लावण्यापूर्वीचे कागद

"आम्ही काही बांधत नाही, नुसती दुरुस्ती करतोय" या वाक्यावर विसंबून कामाला हात घालू नका. अशा दुरुस्तीलाही सहसा महापालिकेचा परवाना लागतो. राहत्या घराचे ऑफिस होणार असेल तर वापर बदलण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. फोंताईन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात इमारत असेल तर बाहेरचे रूप बदलणारे काम नगरनियोजन खात्याच्या संवर्धन समितीपुढे जाते. त्याचे नियम २०१० च्या गोवा भूविकास व इमारत बांधकाम नियमावलीत आहेत. जुने गोवेकडे केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असाल तर साध्या दुरुस्तीसाठीही पुरातत्त्वाची ना-हरकत लागते, आणि त्यापुढच्या २०० मीटरांतही परवानगीशिवाय काम करता येत नाही.

मालकीचे कागद हा गोव्यातला खास गुंता. आपल्याकडच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते आणि वारसांचे हिस्से वाटणी होईपर्यंत एकत्र राहतात. त्यामुळे घरात राहणाऱ्या एकट्या भावाची सही पुरत नाही. लिस्बन, मुंबई किंवा आणखी कुठे असलेल्या हिस्सेदारांच्या संमतीला महिने लागतात. सिटी सर्व्हेचा चलता क्रमांक (मोजणीतला मालमत्तेचा क्रमांक), पी. टी. शीट क्रमांक (मोजणी नकाशाच्या पानाचा) आणि मालकांची नावे आधी जुळवून घ्या. खालच्या दुकानात जुना भाडेकरू असेल तर १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलूनच त्याच्या गाळ्यात काम काढा.

तपासा: परवान्यासोबत जोडलेला नकाशा इमारतीशी जुळतो का? मागच्या अंगणातली पत्र्याची शेड नकाशात नसेल तर तपासणीच्या दिवशी ती नक्की दिसते.

## २. पाहणी भर पावसात

उन्हाळ्यात केलेली पाहणी अर्धीच असते. जुलैमध्ये संततधार लागलेली असताना माळ्यावर चढा, बॅटरी लावा आणि पाणी कुठून शिरते, कोणत्या वाशावरून सरकते आणि कुठे ठिबकते ते बघा. ठिबकण्याची जागा आणि शिरण्याची जागा यांत कित्येकदा दोन-तीन मीटरचे अंतर असते.

भिंतीचा ओलावा एकाच प्रकारचा नसतो आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. वरून खाली उतरणारा डाग छपराचा किंवा पन्हळीचा असतो. जमिनीपासून कमरेपर्यंत चढून थांबलेला आडवा पट्टा जमिनीतल्या पाण्याचा. एकाच ठिकाणी गोल पसरणारा डाग दिसला तर आतला नळ फुटला आहे असे समजा. एसीच्या खोलीत सगळीकडे बारीक बुरशी धरली असेल तर ती हवेतल्या दमटपणाची.

संशय असेल तर सोपी चाचणी आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवा दमट आहे.

तड्यांवर काचेची पातळ पट्टी आडवी बसवा, दोन्ही टोके प्लास्टरच्या गोळ्याने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी फुटली म्हणजे तडा अजून हलतो आहे. मध्य पणजीचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात दलदल आणि खाचरे बुजवून तयार झालेला आहे, त्यामुळे पाया थोडा खचणे नवलाचे नाही. न हलणारा जुना तडा चुन्याने भरला की विषय संपतो. हलणारा तडा बुजवण्यापूर्वी पाया तपासायला स्ट्रक्चरल इंजिनियर आणा, आणि तो लोडबेअरिंग, म्हणजे भार वाहणाऱ्या, भिंतींचे काम केलेला असू द्या. केवळ काँक्रीट जाणणारा इंजिनियर सहसा एकच उपाय सुचवतो: पाडा आणि स्लॅब टाका.

लाकडाची पाहणी कानाने आणि टोच्याने करा. तुळईची जी टोके भिंतीत शिरलेली असतात तीच सगळ्यात आधी कुजतात, आणि मधला भाग मात्र शंभर वर्षे टणक राहतो. हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला किंवा टोचा सहज आत गेला तर तिथे खडूने खूण करा.

## ३. नोंद, आणि मजल्यावरचे ओझे

काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा. दारे, खिडक्या, कठड्याचे ओतीव लोखंडी तुकडे यांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक नकाशावर लिहा. उतरवलेल्या वस्तू कुलपाखाली ठेवा. शिसवी दार एकदा आवाराबाहेर गेले की परत येत नाही. त्याचा पत्ता जुन्या फर्निचरच्या दुकानात लागतो, तोही दुप्पट भावाने.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात ती: वरच्या मजल्यावर किती ओझे येणार? राहत्या घराची जमीन भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला साधारण २०० किलो पेलेल अशी धरतात. ऑफिससाठी हा आकडा २५० असतो, आणि कागदपत्रे त्याच खोल्यांत ठेवायची असतील तर ४००. फायलींनी भरलेले पोलादी कपाट सहज अडीच-तीनशे किलोचे होते. अशी सहा कपाटे एका भिंतीला ओळीने लावली की कडीपाटाच्या मधल्या कड्या वाकू लागतात. दस्तऐवज, तिजोरी, झेरॉक्सचे मोठे यंत्र आणि यूपीएसच्या बॅटऱ्या तळमजल्यावर ठेवा. वर माणसे, टेबले आणि लॅपटॉप असू द्या. खोल्यांची ही वाटणी आत्ताच झाली नाही तर नंतर मजल्याखाली लोखंडी आय-सेक्शन घालावे लागतात आणि खालच्या खोलीची उंची कायमची जाते.

इशारा: मधली भिंत पाडून हॉल मोठा करण्याचा मोह आवरा. या इमारतींत बहुतेक भिंती वरचा भार वाहतात. एखादी भिंत नंतर घातलेली पातळ आडभिंत आहे असे इंजिनियरने लिहून दिले तरच ती काढा.

## ४. वेळापत्रक पावसाच्या उलट बाजूने मांडा

कोरड्या हंगामात हाताशी सात महिनेच असतात. परवानग्या आणि पाहणी पावसाळ्यात उरका. छप्पर दिवाळीनंतर, परतीचा पाऊस खरोखर गेल्यावर उघडा आणि जानेवारीअखेर बंद करा. लाकूड आणि भिंती फेब्रुवारी ते एप्रिल. मेमध्ये फक्त पन्हळी, गटारे आणि किरकोळ. छप्पर मार्चमध्ये उघडणाऱ्याला मेच्या वळवाने गाठले की सगळे लाकूड भिजते आणि कामगार गावी गेलेले असतात.

कंत्राट एकरकमी देऊ नका. जुन्या इमारतीत गिलावा काढल्याशिवाय आत काय आहे कळत नाही, म्हणून बाबवार, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा, दर ठरवा आणि खर्चाच्या पाव हिस्सा तरी राखीव ठेवा. चुन्याचे काम केलेला गवंडी मिळेपर्यंत थांबलेले बरे. त्याने आधी केलेली, किमान दोन पावसाळे पाहिलेली भिंत जाऊन बघा.

## ५. छप्पर

कौले उतरवताना एकेक ठोकून पाहा. खणखणीत वाजणारे चांगले, बद्द वाजणाऱ्यात केसासारखी चीर असते. चांगली कौले वेगळी रचा आणि मोजा.

इथे एक व्यावहारिक अडचण येते. वेगवेगळ्या कारखान्यांची मंगळुरी कौले दिसायला सारखी असली तरी त्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. जुन्यांत नवी मिसळली की तिथेच पाणी शिरते. उपाय सोपा आहे: वाचलेली सगळी जुनी कौले रस्त्याकडच्या उतारावर घाला आणि मागचा उतार पूर्ण नव्या कौलांचा करा. रिपांचे (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर प्रत्येक उतारावर त्या-त्या कौलानुसार नव्याने आखा. आधी नव्या रिपा ठोकून मग कौले विकत आणली की अंतर चुकलेच म्हणून समजा.

वासे आणि आढ्याची दुरुस्ती पाचच्या पायरीतच, कौले खाली असताना करून घ्या. कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडा आणि गंज न चढणारे बोल्ट लावा. अख्खा वासा बदलण्याची गरज क्वचितच पडते.

गळती थांबवायची म्हणून कौले काढून स्लॅब टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीसएक किलो. पाच इंची स्लॅबचे तीनशेच्या घरात. चुन्यात बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर हे ओझे नव्याने चढवायचे आणि वर छपराची हवा बंद करायची, यात इमारतीचे काहीच भले नाही. कौलांखाली जलरोधक कापड घालणार असाल तर ते वाफ बाहेर सोडणारे घ्या आणि कापडावर उभ्या पट्ट्या मारून मगच आडव्या रिपा ठोका. नाहीतर रिपांच्या मागे पाणी अडून त्या दोन वर्षांत कुजतात.

तपासा: छप्पर बंद झाल्यावर पाइपने वळचणीपासून आढ्यापर्यंत, खालून वर सरकत, अर्धा-अर्धा तास पाणी सोडा आणि माळ्यावर एक माणूस उभा करा. ही चाचणी झाल्याशिवाय छपराचा शेवटचा हप्ता देऊ नका.

## ६. जमिनीवरचे पाणी

डांबरावर डांबर चढून रस्ता वर येतो आणि जुने जोते खाली राहते. आठ इंच वर असलेला उंबरठा आज रस्त्याच्या पातळीला आलेला दिसतो. त्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मांडवीच्या काठचे पाणी गटारातून उलटे फिरते. सांतिनेज नाल्याजवळच्या लोकांना हे सांगायला नको.

भिंतीला लागून घातलेले काँक्रीट किंवा पेव्हर हातभर रुंदीत काढा. तिथे खडी भरलेला चर घाला, त्याला बाहेरच्या गटाराकडे उतार द्या. पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडता कामा नये, ते पाइपने थेट लांब न्या. हे दोन उपाय केले तर ओलाव्याच्या बहुतेक तक्रारी भिंतीला हात न लावता कमी होतात. खोलीत ग्रॅनाइटची उंच पट्टी लावून ओल झाकणे हा पणजीतला आवडता उपाय आहे. त्याने ओल नाहीशी होत नाही, पट्टीच्या वरून बाहेर पडते.

## ७. कडीपाट

आधी ओल थांबलेली असली पाहिजे. ओल असेपर्यंत वाळवीचे औषध मारणे म्हणजे पैसे पाण्यात. खूण केलेली टोके उघडा, कुजका भाग काढा, जोड द्या किंवा भिंतीला लागून दगडी-लोखंडी आधार द्या. टोक भिंतीत परत बसवताना त्याच्या तिन्ही बाजूंनी बोटभर हवा राहू द्या. गवंडी ती फट सिमेंटने गच्च भरतो, आणि पुढच्या कुजण्याची सुरुवात तिथेच होते.

फळ्यांवर काँक्रीट ओतून टाइल बसवू नका. सपाट जमीन हवीच असेल तर जुन्या फळ्यांवर प्लायवूडचा थर आणि त्यावर हलके आच्छादन पुरे.

## ८. भिंती: सगळ्यात जास्त चुका इथेच

चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि उन्हात ते सोडून देतो. चुन्याचा गिलावा हा व्यवहार चालू देतो. सिमेंट तो अडवतो: पाणी आत शिरते ते बारीक भेगांतून, पण बाहेर पडायला जागा राहत नाही. भिंतीला लोणा लागतो, क्षार गिलाव्यामागे साचून चिऱ्याचा पृष्ठभागच पुडीसारखा सुटतो. म्हणून पहिले काम सिमेंट उतरवणे. खिळ्याने ओरखडा काढा: चुना सहज पूड होऊन पडतो, सिमेंट खिळ्याला दाद देत नाही. उतरवताना छिन्नी-हातोडी वापरा. ब्रेकर लावला की सिमेंटसोबत चिराही निघतो.

मग भिंत उघडी ठेवून वाळू द्या. ढोबळ हिशेब असा की जाडीच्या दर इंचाला महिना लागतो. वीस इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी दहा महिने. इतका धीर कुणाला नसतो हे मान्य, पण निदान खालचे कमरेइतके अंग एक पूर्ण उन्हाळा उघडे ठेवा आणि त्या वेळात दुसरीकडचे काम करा. वर येणारी पांढरी पूड कोरड्या कुंच्याने झाडून आवाराबाहेर टाका. पाण्याने धुतली तर क्षार पुन्हा आत जातात.

चुना. कळीचा (भाजलेला, पाणी न लागलेला) चुना विरवताना नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो उकळतो आणि उडतो, म्हणून गॉगल आणि हातमोजे सक्तीचे. विरलेला चुना चाळून, वर पाण्याचा थर ठेवून किमान तीन आठवडे मुरवा. जास्त मुरेल तितका चांगला, त्यामुळे हे काम ऑक्टोबरमध्येच सुरू करा. पिशवीतला तयार चुना घेणार असाल तर तारीख पाहा. हवा लागलेला चुना मेलेला असतो.

रेती. समुद्राची रेती अजिबात नको, कितीही धुतली तरी. नदीची किंवा धुतलेली कृत्रिम रेती घ्या. बरणीत रेती आणि पाणी हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर गाडी परत पाठवा.

थर. एक भाग चुन्याला तीन भाग रेती. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, म्हणजे नैर्ऋत्येच्या भिंतीवर, मिश्रणात विटांची बारीक सुरखी घाला म्हणजे ते लवकर आणि घट्ट धरते. किती, ते एक मीटरच्या नमुना पट्टीवर ठरवा आणि पट्टी महिनाभर पाहा. भिंत आदल्या दिवशी भिजवा. पहिला थर बारा मिलिमीटरच्या आत, तो घट्ट झाल्यावर दुसरा, शेवटी तीन मिलिमीटरचा गुळगुळीत हात. प्रत्येक थर आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली सावलीत राहिला पाहिजे. उन्हात झटपट वाळलेला चुना कधीच घट्ट होत नाही.

"थोडेसे सिमेंट घालूया, लवकर सेट होईल" असे गवंडी नक्की म्हणेल. ठाम नकार द्या. थोड्या सिमेंटने ना सिमेंटची ताकद येते ना चुन्याचा श्वास राहतो.

आणखी एक फॅशन: गिलावा उतरवून चिरा उघडा ठेवायचा आणि त्यावर चकचकीत वॉर्निश मारायचे. कॅफेवाल्यांनी ती आणली, आता ऑफिसांतही आली. शहरातल्या या भिंती गिलाव्याखाली राहण्यासाठीच बांधल्या आहेत. त्यांत ओबडधोबड चिरे, भरावाचे तुकडे आणि नंतर बुजवलेली दारेही असतात. बाहेरच्या बाजूने त्या उघड्या पडल्या की पाऊस थेट सांध्यांत जातो, आणि वॉर्निश मारल्यावर तो आतच राहतो. चिरा दाखवायचाच असेल तर आतली एक कोरडी भिंत निवडा आणि तिच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याने भरा.

## ९. वायरी, एसी, नळ

चिऱ्यात आडवे खाचे मारू नका. वायरी भिंतीवरून पाइपमध्ये न्या किंवा लाकडी पट्टीमागे लपवा. जुन्या वायरिंगला अर्थिंग सहसा नसते, म्हणून जोडकाम न करता सगळे नवे करा. किती एसी, किती संगणक हे लिहून काढून वीज खात्याकडे वाढीव भारासाठी वेळेत अर्ज करा. कळ दाबण्याच्या दिवशी मीटर पुरत नाही हा प्रकार नेहमीचा आहे.

एसीची बाहेरची यंत्रे मागच्या बाजूला, जमिनीवर किंवा स्वतंत्र चौकटीवर ठेवा. त्यांचे पाणी पाइपने गटारात गेले पाहिजे. भिंतीवर ठिबकणारी एक नळी सगळ्या गिलाव्याचे काम वाया घालवते. संडास-बाथरूम कडीपाटावर नको. ती तळमजल्यावर किंवा मागच्या पक्क्या भागात एकाखाली एक घ्या. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बारा फुटांना एक फुटापेक्षा उभा नसावा, आणि तो दर्शनी पायऱ्या न फोडता बाजूने बहुधा बसतो.

फॉल्स सीलिंग हवेच असेल तर दर खोलीला वर चढण्याची एक झडप ठेवा. झडप नसली की गळती कळते ती छत कोसळल्यावर.

## १०. रंग आणि खिडक्या

चुन्यावर प्लास्टिक इमल्शन लावले तर वरची सगळी मेहनत फुकट. चुन्याच्या पातळ रंगाचे चार-पाच हात द्या, प्रत्येक हात दुधासारखा पातळ आणि ओलसर भिंतीवर. रंगद्रव्य चुन्यात टिकते का हे आधी तुकड्यावर पाहा, कारण काही निळे रंग चुन्यात फिके पडतात. घाई नसेल तर बाहेरचा शेवटचा रंग एक पावसाळा उलटल्यावर द्या. तोवर उरलीसुरली गळतीही दिसून जाते.

शिंपल्यांच्या खिडक्या (काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या) असतील तर चौकट सुताराकडे द्या आणि शिंपले घरात ठेवा. जे फुटले असतील तिथे मागच्या खिडकीतले काढून पुढे लावा आणि मागे काच बसवा. नवे शिंपले शोधत फिरू नका, तो जीव संरक्षित आहे. कठड्याचे ओतीव लोखंड तारेच्या ब्रशने साफ करून गंजरोधक प्रायमर लावा. भिंतीत रुतलेली त्याची टोके गंजून फुगली की चिरा फोडतात, ती आधी पाहा.

## ११. ताबा घेतल्यानंतरची वही

ताबा घेताना नकाशा, फोटो, चुन्याचे प्रमाण, कौलाच्या कारखान्याचे नाव आणि गवंड्याचा नंबर एका वहीत लिहून घ्या. पन्नासएक जादा कौले माळ्यावर ठेवा. दर मेच्या पंधरवड्यात कौले परतणे, पन्हळी उपसणे आणि खडीचा चर मोकळा करणे ही तीन कामे ऑफिसातल्या एका माणसाच्या नावावर टाका आणि त्याची सही घ्या. "कुणीतरी करेल" असे ठेवले तर जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळेच शिडी शोधत असतात, आणि तेव्हा पणजीत शिडीवर चढणारा मेस्त (कारागीर) मिळत नाही.